मचाणावर उटणं

मी पंचवीस वर्षं धनुष्यबाणानं हरणांची शिकार करतो असं कळलं की मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेले लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग बायकोकडे. पोट बघून त्यांना वाटतं, हा झाडावर चढत नसणार. बायकोकडे बघून वाटतं, हिनं चढू दिलं नसणार. दोन्ही अंदाज चुकीचे नाहीत. तरी मी चढतो.

धनुष्य हातात आलं ते विदर्भात, आमच्या गावच्या शाळेत. पी.टी.च्या सरांनी बांबूचे कमठे करवून आणले होते आणि मैदानाच्या टोकाला गवताच्या भाऱ्यावर चुन्यानं गोल काढला होता. मला धावता येत नव्हतं, कबड्डीत मी पहिल्या मिनिटाला बाद व्हायचो, म्हणून सरांनी मला कमठा दिला. एका जागी उभं राहून खेळायचा खेळ असतो हे तेव्हा कळलं आणि जीव रमला. तिकडे शिकारीचा प्रश्नच नव्हता. कायद्याची बंदी होती आणि आईची त्याहून कडक होती. पुढे एम.एस. करायला अमेरिकेत आलो, लॅबमधल्या एका मित्रानं एकदा पहाटे जंगलात नेलं, आणि मी कामातून गेलो.

पंचवीस वर्षांत मी एकूण पाच हरणं मारली आहेत. हे वाक्य मी भरभर म्हणतो.

"बाबा, यू आर द वर्स्ट हंटर आय नो," असं मुलगी एकदा म्हणाली.

"तू असे किती हंटर बघितलेस?"

"जस्ट यू."

दोष माझा एकट्याचा नाही. मचाणावर चार-चार तास हलायचं नाही, खोकायचं नाही, हे मला जमतं. पण भूक लागते. पहिल्या काही वर्षांत मी खिशात चिवडा न्यायचो. पोहे पातळ असले तरी पहाटेच्या शांततेत एक घास चावला की पन्नास पावलांवरचं हरीण मान वर करून बघतं. त्यात डाळं आलं की निघूनच जातं. चिवडा सोडून साटोरीवर आलो. मग आईनं व्हिडिओ कॉल करायला शिकून घेतलं. इथली पहाट ती तिची संध्याकाळ, त्यामुळे नेमकं मी धनुष्य ओढून धरलेलं असताना छातीवरच्या खिशात फोन थरथरायला लागायचा. एकदा तर मी उचललाही. "कुठे आहेस रे, असा झाडात बसल्यासारखा काय दिसतोस?" आई म्हणाली. ते हरीण मी परत कधी पाहिलं नाही.

या सगळ्या पराक्रमाची जागा म्हणजे शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलपासून पश्चिमेला दीड तासावरचं एक शेत. पुढे मका आणि सोयाबीन, मागे ओढा, ओढ्याकाठी जुनी ओक झाडं, आणि त्यातल्या एकावर, जमिनीपासून पंधरा फुटांवर, माझं लोखंडी मचाण. शेताच्या मालकीणबाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना तोंडावर मॅम म्हणतो, घरी त्यांचा उल्लेख शेतवाल्या काकू असा होतो. त्या मला इंजिनिअर म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी हरणं कमी करील या आशेनं त्यांनी मला शेतात शिरायची परवानगी दिली. अकरा वर्षांत मी तिथं दोन माद्या मारल्या. त्याच काळात हरणांनी किती पिलं घातली, ते काकूंना माहीत होतं.

त्या वर्षी वसंतात काकूंनी माझ्या झाडाजवळच्या पडीक तुकड्यावर सफरचंदाची तीस रोपं लावली. ऑक्टोबर संपेपर्यंत त्यातल्या बारांचे शेंडे हरणांनी खाल्ले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी हात हलवत झाडावरून उतरलो, तर काकू पिकअपला टेकून उभ्या.

"इंजिनिअर, माझा पुतण्या क्रॉसबो घेऊन यायचं म्हणतोय. उद्या दुपारी तो जेवायला येईल. तेव्हा मला त्याला काहीतरी सांगावं लागेल."

"मॅम, मी उद्या सकाळी आहेच इथं."

"तू अकरा वर्षं सकाळी आहेसच इथं," काकू म्हणाल्या. "उद्या एक मादी पाड. नाही पाडलीस तर तुझं ते लोखंड झाडावरून काढून ने. राग नाही माझा. रोपं कोवळी आहेत."

परतीचे दीड तास मी रेडिओ लावला नाही. दुसरं शेत मिळालं असतं, असं कोणीही म्हणेल. पण त्या ओकवर बसलं की उजेड आधी ओढ्याच्या कोणत्या वळणावर पडतो, कोणती खार कोणत्या खारीशी भांडते, कोल्ही किती वाजता बांधावरून जाते, हे मला आमच्या घराच्या जिन्याच्या पायऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. आठवडाभर मीटिंगमध्ये मी ज्या चेहऱ्यानं बसतो, तो चेहरा त्या झाडावर मी खाली ठेवतो. पन्नाशीनंतर अशी जागा नव्यानं जुळवायला आता तेवढा वेळही नाही आणि गुडघेही नाहीत.

तयारी मात्र चोख होती. हरणाला माणूस दिसत नाही एवढा त्याचा वास येतो, आणि आमच्या घरात तर कपाटातल्या स्वेटरलाही लसणीची फोडणी बसलेली असते. म्हणून शिकारीचे कपडे मी गॅरेजमध्ये, प्लास्टिकच्या पेटीत, ओकच्या पाल्यात ठेवतो. बिनवासाच्या साबणानं धुतो. गुरुवारपासून लसूण बंद, हिंग बंद. बायको मूळची पुण्याची, शाकाहारी, आणि माझ्या या व्रताबद्दल तिचं मत असं की श्रावणात तिनं सांगितलेलं एकही पथ्य मी कधी पाळलेलं नाही.

सगळं नीट होतं. फक्त त्या वर्षी दिवाळी उशिरा आली होती आणि दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती.

"मी चारला निघतो," मी जेवताना म्हटलं.

"जा की."

मला शंका यायला हवी होती.

"पहिली आंघोळ करून जा," बायको म्हणाली. "सव्वातीनला उठवते."

"मी आल्यावर केली तर? दुपारी?"

"दुपारी केलेल्या आंघोळीला अभ्यंगस्नान नाही म्हणत, रविवार म्हणतात."

"अगं, पण वास. तेलाचा, उटण्याचा. माझी जागा जाईल."

"तुझी जागा नरकात पक्की व्हायला नको म्हणूनच म्हणते," ती म्हणाली, आणि भात वाढला. मग म्हणाली, "तुझ्या आईंनाही मी सांगितलंय. त्या कॉलवर असतील ओवाळायच्या वेळी."

इथं माझी बाजू संपली. मी पन्नास वर्षांत एकही पहिली आंघोळ चुकवलेली नाही. हॉस्टेलवर बादलीत केली, ब्लिझर्डमध्ये वीज गेली तेव्हा कॅम्पिंगच्या शेगडीवर पाणी तापवून केली. माझा नरकावर विश्वास नाही, पण त्या सकाळी मी घाणेरडा असलेला आईला कळेल यावर पूर्ण विश्वास आहे.

तर सव्वातीनला पाट मांडला. तेल कोमट केलेलं, अत्तर घातलेलं. डोक्यावर, कानामागे, पाठीला, बायकोनं हात आखडला नाही. उटणं न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून माझ्या बहिणीनं पाठवलेलं होतं, आणि माझी बहीण स्वस्तातली वस्तू कधी पाठवत नाही. नागरमोथा, कापूरकचरी, चंदन, वाळा, गुलाब. कारीट इथं मिळत नाही म्हणून आम्ही ब्रसेल्स स्प्राउट फोडतो. ते डाव्या अंगठ्याखाली फुटता फुटत नाही, शेवटी मी टाचेनं चिरडलं. आईनं फोनमधून पाहिलं आणि "कोबी का फोडतोस?" एवढंच विचारलं. मग मी दार लावून घेतलं आणि बिनवासाच्या साबणानं अंग तीनदा घासलं. वासावर त्याचा परिणाम असा झाला की तो स्वच्छ झाला.

गाडीत काचा उघड्या ठेवून, कुडकुडत, मी दीड तास ड्राइव्ह केलं. झाडावर चढलो, पट्टा अडकवला, बाण लावला. पाल्यात मुरवलेल्या जाकिटाच्या गळ्यातून दर श्वासाला देव्हारा बाहेर येत होता.

उजाडलं. ओढ्याच्या वळणावर पाणी राखाडी झालं, मग पिवळं. सात वाजायच्या सुमारास मक्याच्या कापलेल्या धाटांतून पाच हरणं आली. पुढे एक थोराड मादी, मागे चार. रोपांच्याच रोखानं. माझा टप्पा तीस पावलांचा. ती साठ पावलांवर असताना माझ्या मानेवरून वारा गेला. तो सरळ तिच्याकडे गेला.

मादी थांबली. तिनं नाक वर केलं. जिभेनं नाक ओलं करून पुन्हा हुंगलं. शिकाऱ्याचा वास लागला की हरीण एका क्षणात पळतं, हे मी शंभरदा पाहिलंय. ही पळाली नाही. ती मिनिटभर उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या घरी, नणंदेनं पाठवलेलं पार्सल उघडताना, बायकोच्या तोंडावर पाहिलेलं आहे. मग तिनं पुढचा खूर दोनदा जमिनीवर आपटला, नाकातून भस्कन हवा सोडली, पांढरी शेपटी ताठ केली, आणि पाचही हरणं शेत ओलांडून, काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून, रस्त्यापलीकडे गेली.

नंतर एक ससा आला. तोही थांबला नाही.

साडेनऊला काकूंनी व्हरांड्यातून हाक मारली. मी उतरलो. पाना घेऊन मचाण सोडवायची तयारी मनात सुरू केली होती. कोणता नट आधी, कोणता पाना. अकरा वर्षांत झाडाची साल पट्ट्यांवर चढली होती, ती कापावी लागणार होती. स्वयंपाकघरात शिरलो तर काकू दोन पावलं मागे सरकल्या.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. सण, तेल, पावडर. ब्रसेल्स स्प्राउटचं सांगितलं नाही.

"आज सणाचा दिवस आहे तुझा, आणि तू इथं?"

"हो मॅम."

काकूंनी माझ्या बाहीजवळ नाक आणून एकदा वास घेतला. मग खिडकीतून रोपांकडे बघितलं. "अशी पळताना मी त्यांना या शेतावर कधी पाहिलं नाही. बंदुकीच्या आवाजालाही नाही. माझी आई फळझाडांना साबणाच्या वड्या टांगायची हरणांसाठी. पावसानं विरघळायच्या." त्या खुर्चीवर बसल्या. "ती पावडर कुठे मिळते?"

मला आधी बरं वाटलं. त्यानंतर लगेच माझ्या लक्षात आलं, की पावडर मिळाली की काकू तिच्या तीस पुरचुंड्या करतील, तीस रोपांना बांधतील, आणि ओकच्या झाडावर पुतण्या बसेल. घरी बहिणीची अख्खी पिशवी पडलेली होती. मी आयुष्यात मोठमोठ्या क्लायंटसमोर थापा मारल्या आहेत, पण त्यांची आधी स्लाइड केलेली असते.

"नुसती पावडर चालत नाही मॅम," मी म्हणालो. "ती माणसाच्या अंगावर लागते. गरम अंगावर. मग तो माणूस तिथं बसावा लागतो. बराच वेळ."

"बराच वेळ."

"दर शनिवार-रविवार. पहाटेपासून."

"उंचावर बसावा लागत असेल."

"वास लांब जातो," मी म्हणालो.

 काकूंनी दोन्ही हातांत धरलेला कॉफीचा मग खाली ठेवला.

"माझा नवरा बेचाळीस वर्षं दर शनिवारी नदीवर गळ टाकायला जायचा," त्या म्हणाल्या. "मासे मी दुकानातून आणायचे. मी एकदा विचारलं, तिथं तू करतोस काय? तर म्हणाला, नदीतले मासे फार हुशार झालेत, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं." त्या उठल्या. "तुझ्यासारखंच तोंड करून सांगायचा."



त्यांनी भिंतीवरचा फोन काढला आणि पुतण्याला लावला. "ऐक. पश्चिमेचा तुकडा तुझा. तिकडच्या माद्या तू मार, मला एक तंगडी आणून दे. नाही, ओकवर नाही. ओक घेतलेला आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "इंजिनिअरनं." पुन्हा विचारलं गेलं, जरा मोठ्यानं. काकूंनी फोन कानापासून लांब धरला. "नाही, त्यानं काही मारलेलं नाही. तो दुसऱ्या कामावर आहे."

फोन ठेवून त्यांनी माझ्यापुढे सफरचंदाच्या पायचा तुकडा आणि काटा ठेवला.

"पुढच्या शनिवारी तेल थोडं जास्त लाव," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता ती खुर्ची खिडकीपाशी घे. खिडकी उघड. माझं डोकं दुखायला लागलंय."