आक्काचा फळा

आक्काला बंदुकीचा खेळ खेळता यायचा नाही. माऊस हातात दिला, तर ती शत्रूऐवजी आपल्याच पायाशी बाँब टाकायची आणि वर पोट धरून हसायची. पण सिडकोतल्या तिच्या गेमिंग कॅफेत फळ्यावर ती ज्याचं नाव पहिलं लिहील तोच शहरात पहिला, हे आम्ही सगळे निमूट मान्य करत होतो.

आक्का मूळची सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा वाळूजच्या कंपनीत आणि ही आठ कॉम्प्युटरच्या त्या गाळ्यात. आम्ही कॉलेजवाले ऑनलाइन सामने खेळायचो, ती मागं खुर्ची टाकून शेंगा सोलत बघायची. प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग ठेवायची, कोण कुणाकडून हरलं ते वहीत लिहायची आणि रविवारी नंबर लावायची.

एकदा आमच्याच टीममधला एक गडी भिंतीपलीकडचं दाखवणारं सॉफ्टवेअर लपून वापरत होता. आम्हाला महिनाभर पत्ता नाही. आक्कानं त्याचे डोळे पाहून ओळखलं. "माणूस बाहेर निघायच्या आधीच हा भिंतीकडं बघतोय. याला पल्याडचं दिसतंय." तिनं त्याला हाकललं. आम्हाला वाटलं, संपलं. पण बाईसाहेबांनी वही काढली आणि त्याचे महिनाभराचे सगळे सामने खोडले. त्याच्याकडून हरलेल्यांना गुण परत दिले आणि त्याच्यासोबत जिंकलेल्या आमचे कापले. मी पहिल्या नंबरवरून थेट पाचवर आलो.

"आक्का, मी काय केलं?" मी कळवळून विचारलं.

"तू काय बी नाय केलं. पण ती जीत तुझी नव्हती." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात शिरलं तर तेवढंच हाकलून भागत नाय रे. आपलं कोणतं तिकडं गेलं ते बी पाहावं लागतं." मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि नळाला पाणी नव्हतं. आक्का पिऊन उरलेल्या घोटभर पाण्यात फडकं भिजवून फळा पुसायची. पुण्याच्या स्पर्धेला फळ्यावरचे पहिले पाच जाणार होते. नेमका तेव्हाच गंगापूरहून काळीपिवळी जीपनं येणारा दत्ता पुढं सरकला. तो पाचवा, मी सहावा. त्याचा नेम इतका अचूक, की हाही लबाडी करतो अशी कुजबुज सुरू झाली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

एका दुपारी टँकर आला. आक्का ड्रम घेऊन रांगेत उभी होती, पुढं ढकलाढकली चाललेली. मी धावत गेलो. "आक्का, दत्ता चोरी करतोय. सगळेच म्हणतायत." आयुष्यात पहिल्यांदाच रेकॉर्डिंग न बघता ती म्हणाली, "मंग पुसा नाव." मीच पुसलं. दत्तानं फळ्याकडं पाहिलं, बॅग उचलली आणि निघून गेला.

चार दिवसांनी आक्कानं ते रेकॉर्डिंग लावलं. तीनदा पाहिलं आणि मग मला बसवून दाखवलं. दत्ता पावलांच्या आवाजावर गोळी झाडत होता, आणि कितीतरी वेळा रिकाम्या कोपऱ्यातही. "पल्याडचं दिसत असतं तर इतक्या येळा चुकला असता का?" तिचा चेहरा उतरला होता. तिनं दत्ताचं नाव पुन्हा पाचवं लिहिलं आणि खाली लिहिलं, "चूक आक्काची." फोन करून त्याला बोलवू या म्हटलं, तर उसळली. "नाव चार माणसांत पुसलं. माफी फोनवर कशी?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गंगापूरच्या एसटीत बसली. दत्ता आणि त्याचे वडील वाळलेला ऊस चाऱ्यासाठी तोडत होते. शेजारपाजारचेही होते. बांधावर उभी राहून आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या लेकाला मी चोर ठरवलं, न बघता. लई चुकलं माझं." माझं नाव ती आता घेईल, मग घेईल, अशी मी वाट पाहत होतो. तिनं घेतलं नाही. शेवटी मलाच राहवेना. "मी सांगितलं होतं आक्काला. मला पुण्याला जायचं होतं," मी म्हणालो.

दत्तानं कोयता खाली ठेवला. मग शेताकडेच्या घरात जाऊन दोन पेले पाणी घेऊन आला. त्या वर्षी, त्या घरात! पुण्याला तोच गेला. आक्काइतकं सरळ माणूस मी त्यानंतरही कुठं पाहिलं नाही.

पुढं रस्ता रुंद झाला आणि गाळा गेला. पोरांच्या हातात मोबाइल आले. आक्का सोयगावला परतली. मी आता पुण्यात एका गेम कंपनीत आहे. लबाडी सापडली की खेळाडूंचे नंबर सुधारायचे, हेच माझं काम. लबाडाकडून हरलेल्यांना गुण परत द्यायचे, हे मी तिथं साहेबांशी भांडून सुरू करून घेतलं. ते सांगायलाच दिवाळीत सोयगावला गेलो. थोडी फुशारकी मारत म्हणालो, "आक्का, आता मशीनच लबाड शोधतं आणि काढूनही टाकतं. कुणाला बघत बसावं लागत नाही."

तिनं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं हाय. आन् चुकून काढलेल्याच्या घरी कोण जातं?"

"कोणी नाही, आक्का."

तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"मंग तू जात जा."