अर्ध्या भावातले टायर

"नाही चालणार," एवढंच म्हणून साहेब तो नग डाव्या हाताच्या लाल पेटीत ठेवायचे. टाकायचे नाहीत, ठेवायचे. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा.

चिंचवडच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तयार व्हायचे. ते बाहेर पडण्याआधी तपासायचं काम आमच्या विभागाकडे होतं. साहेब विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. नग उचलायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा. चांगला असेल तर काही न बोलता उजवीकडे. नसेल तर ते दोन शब्द. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, तरी अख्खी शॉप त्यांना वचकून असायची.

ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी सुटणारी नव्हती. कॅन्टीनमध्ये कपाचा कान जरा उडालेला दिसला की कप परत. चिंचवडगावातल्या भाजीवाल्या बायका त्यांची पिशवी लांबून ओळखत. "आलं बघा. आता येकेक भेंडी मोडून बघत्यात," असं म्हणत आणि तरी चांगली भाजी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवत. साहेबांनी लग्न केलं नव्हतं. लोक म्हणायचे, सगळ्या मुली लाल पेटीत गेल्या असतील. खरी गोष्ट निराळी होती. आईवडील लवकर गेले आणि धाकटा भाऊ विलास साहेबांच्या पदरात आला. त्याला वाढवता वाढवता यांचं वय निघून गेलं.

विलास म्हणजे साहेबांच्या अगदी उलट. उंच, हसरा, शिट्टी वाजवत जिना चढणारा. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याच्या वाट्याला जन्मभर जुन्या वस्तू आल्या होत्या. साहेबांचे सदरे कापून शिवलेले सदरे, दुसऱ्याची सायकल, तिसऱ्याची पुस्तकं. साहेब मला एकदा म्हणाले होते, "त्यानं कधी तक्रार केली नाही हो. तेच मला सलतं." विलासचं लग्न झालं, सुमन घरात आली, तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांतून पहिल्यांदा रेडिओचा आवाज आणि हसणं ऐकू यायला लागलं. मी त्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहत होतो, म्हणून हे सांगू शकतो.

आणि मग ती गाडी आली.

यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना आपली गाडी इथंच टाकून गेला होता. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी टप. कुठल्याशा शेडमध्ये ती उंदरांच्या ताब्यात पडून होती. विलासनं ती मोडीच्या भावात घेतली आणि ढकलत ढकलत आमच्या अंगणात आणली. पुढे जवळजवळ वर्षभर आमच्या बिल्डिंगीतला एकही रविवार शांत गेला नाही. इंजिन उघडलं, जुळवलं, पुन्हा उघडलं. सुमन पदर खोचून पत्र्याला पॉलिशपेपर मारायची. साहेब खुर्ची टाकून बसायचे आणि विलासनं काही दाखवलं की मान हलवायचे. एखादा नट ते परतही करायचे. विलास हसून म्हणायचा, "दादा, घरी तरी थोडं पास करत जा."

इंजिन सुरू झालं त्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले. अडलं ते टायरांपाशी. जुने टायर पार टकले झाले होते आणि त्या मापाचे टायर इकडे होतच नसत. अखेर दापोडीच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता लागला. रविवारी सकाळी आम्ही तिघं बसनं गेलो. मुंबई-पुणे रस्त्यालगत त्याचं दुकान होतं, दारात ट्रकच्या टायरांची चळत.

व्यापाऱ्यानं आधी देशी टायर दाखवले. माप थोडं उन्नीस-बीस, पण कोरे, नुकतेच आलेले. विलासचं तोंड उतरलं. "हे साध्या मोटारीचे आहेत, दादा. आपली गाडी वळणावर वेगात नेली तर हे धरायचे नाहीत."

"वेगात न्यायचीच कशाला?" साहेब म्हणाले.

तेव्हा व्यापाऱ्यानं माळ्यावर माणूस चढवला. खाली आले ते कागदात गुंडाळलेले चार विलायती टायर. शर्यतीच्या गाड्यांना घालतात त्या जातीचे, नेमक्या मापाचे. रबराचे बारीक केससुद्धा अजून तसेच होते. कुणा हौशी माणसानं मागवले आणि नेलेच नाहीत. तेव्हापासून पडून आहेत, असं व्यापारी म्हणाला.

"किती वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"झाली काही वर्षं, साहेब. पण एक मैलसुद्धा चाललेले नाहीत. म्हणून तर अर्ध्या भावात देतो."

साहेबांनी एकेक टायर दारात, उन्हात आणला. नखानं दाबून पाहिलं. दोन्ही हातांनी वाकवून पाहिलं. आतल्या बाजूला, रिमवर बसते त्या कडेजवळ अगदी बारीक रेघा होत्या, वाळलेल्या ओठावर असतात तशा. त्यांचा अंगठा तिथंच थांबला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तो अंगठा मला रोजचा ओळखीचा. पुढचे दोन शब्द मला जवळजवळ ऐकूच आले होते.

साहेबांनी मान वर करून विलासकडे पाहिलं. तो काही मागत नव्हता. हात मागे बांधून उभा होता आणि रस्त्याकडे बघत होता. लहानपणी दुकानासमोर उभा राहायचा तेव्हा असाच उभा राहत असणार.

"चालेल," साहेब म्हणाले.

परतताना बसच्या टपावर टायर होते आणि विलास शिट्टी वाजवत होता. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "हळू चालव. रबर जुनं आहे."

पुढच्या रविवारी दुपारी विलास गाडी घेऊन निघाला. सुमनही जाणार होती, पण तिची मावशी अचानक आली म्हणून थांबली. "तळेगावपर्यंत जाऊन येतो," म्हणाला. अंगणातून बाहेर पडताना त्यानं उगाच दोनदा हॉर्न वाजवला. देहूरोडच्या पुढे उतारावर मागचा टायर फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या झाडावर गेली. इस्पितळात पोचेपर्यंत विलास राहिला नाही.

चौकीच्या आवारात ती गाडी ठेवली होती, तिथं मी साहेबांबरोबर गेलो. ते फाटलेल्या टायरापाशी उकिडवे बसले, बराच वेळ. पंचनामा करणारा हवालदार बिचारा भला माणूस होता. म्हणाला, "खिळा गेला असंल, साहेब. न्हाईतर दगड. आता कुणी सांगावं?"

"मी सांगतो," साहेब म्हणाले. "तपासणी माझी होती."

हे वाक्य पुढे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. भेटायला आलेल्या नातेवाइकांना, कंपनीच्या मॅनेजरांना, दूधवाल्यालासुद्धा. सुमनला सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुम्ही नको म्हटलं असतंत ना दादा, तर ते टकल्या टायरांवर गेले असते. मी ओळखत होते त्यांना." यापेक्षा मोठ्या मनानं कुणी काय बोलणार? पण साहेबांनी ते कानांपलीकडे जाऊ दिलं नाही. त्यांना माफी नकोच होती.

ते कामावर परत आले आणि आठवड्याभरात आमच्या लक्षात आलं, की उजवीकडची पेटी रिकामी आहे. सगळा माल डावीकडे जात होता. एकेक नग ते पुन्हा पुन्हा उजेडात धरत, खाली ठेवत, परत उचलत, आणि मग लाल पेटी. शॉपचा फोरमन ताथवड्याचा, वयानं मोठा माणूस. हात जोडून म्हणाला, "साहेब, आवं ह्यो कालच्यासारखाच माल हाय. कालचा बी तुमी थांबवला, आजचा बी. लाइन बंद पडली."

"मला दिसतंय हो त्यात काहीतरी," साहेब म्हणाले.

"काय दिसतंय?"

साहेबांनी नग पुन्हा उजेडात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं. फोरमननं तो नग त्यांच्या हातातून काढून घेतला. नंतर मॅनेजरांनी त्यांना कामगारांच्या हजेऱ्या मांडायला टाइम ऑफिसात बसवलं. तिथं पास-नापास करण्यासारखं काही नव्हतं. त्यांची खुर्ची मला मिळाली. मी तिच्यावर कधी नीट टेकून बसू शकलो नाही.

सुमन माहेरी गेली नाही. बालवाडीत शिकवायला लागली आणि साहेबांचा स्वयंपाक करत राहिली. दोन वर्षांनी साहेबांनीच विषय काढला, की तिनं पुन्हा लग्न करावं. त्या काळात आमच्यासारख्या घरांतून थोरल्या दिरानं असं म्हणणं सोपं नव्हतं. चार लोक बोललेच. पण स्थळं यायला लागली आणि साहेबांना एकही पसंत पडेना. एकाला खोकला होता. एक फार मोठ्यानं हसला. एकात काही खोट सापडली नाही, तर म्हणाले, "खोट नसेलच कशी?"

शेवटी सुमनच एका संध्याकाळी म्हणाली, "दादा, हे आता माझं मी ठरवते. तुमच्यावर नको." तिनं निवडलेला माणूस तळेगावच्या शाळेत शिक्षक होता, विधुर, शांत. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

लग्न चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवळापाशी, मोजक्या माणसांत झालं. जेवणं उरकली. नव्या जोडप्याला न्यायला शिक्षकाच्या मित्रानं टॅक्सी आणली होती. सुमन आत बसली, नवरा बसला, ड्रायव्हरनं चावी फिरवली. आणि साहेब नव्या धोतरानिशी मागच्या चाकापाशी खाली बसले. हात टायरावर. ड्रायव्हर म्हणाला, "अहो काका, परवाच घातलेत." साहेब उठेनात. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सुमन दार उघडून उतरली. शालू सावरत त्यांच्या शेजारी बसली.

"आम्ही लोकलनं जातो, दादा," ती म्हणाली. "तिची चाकं लोखंडाची असतात."

वरात स्टेशनपर्यंत पायी गेली. मुंडावळ्या बांधलेली नवरी, एका हातात ट्रंक धरलेला नवरा, मागे आम्ही दहा-बारा माणसं. साहेब सुमनच्या बाजूनं चालत होते, रस्त्याच्या कडेनं, तिच्या आणि वाहनांच्या मध्ये. लोकल सुटली तेव्हा तिनं खिडकीतून हात हलवला. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत वर आला आणि तिथंच राहिला.

त्यानंतर ते तिच्या घरी कधी गेले नाहीत. "जाईन एकदा," म्हणायचे. सुमनला मुलगी झाली, बारशाचं बोलावणं घेऊन तिचा नवरा स्वतः आला. साहेबांनी चिंचवडगावातून लाल कुंची आणली. मला दाखवली. उलटून सुलटून, शिवण ओढून पाहिली, आणि दुकानात परत जाऊन बदलून आणली.

ते दुसऱ्याच थंडीत गेले, झोपेतच. सुमन मुलीला घेऊन आली. कॉटखालच्या पिशवीत तिला ती कुंची मिळाली. मी बोलून गेलो, "बारशाला आले नव्हते का?"

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "पण आमच्या स्टेशनातला हमाल सांगायचा. धोतरवाले एक काका अधूनमधून चिंचवडहून येतात. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसतात. पुढची लोकल आली की तिच्यात बसून परत जातात. मी दोनदा धावत गेले हो स्टेशनवर. दोन्ही वेळा गाडी सुटलेली होती."

तिनं कुंची मुलीच्या डोक्यावर धरून पाहिली. मूल वर्षाचं होऊन गेलं होतं. कुंची कानांपर्यंतसुद्धा उतरत नव्हती.