शेवटच्या खाटेपासून

साताऱ्यातल्या त्या दवाखान्यात मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले ती इलाजासाठी नव्हे. निकाल मी आधीच लावला होता. आबांना म्हातारचळ लागलाय. गावच्या घराला कुलूप लावायचं आणि त्यांना सांगलीला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणायचं, हे मी आणि पुण्याच्या भावानं ठरवून टाकलं होतं. कुणा जाणत्यानं मान डोलावली की गावाची बोलणी खावी लागणार नाहीत, एवढाच माझा हिशेब.

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आई गेल्यावरही एकट्यानं राहून ऊस बघायचे. पण गेल्या दीड-दोन महिन्यांत काहीतरी बिनसलं होतं. मला ते आपली बहीण, म्हणजे माझी आत्या, समजायचे, भरदुपारी धोतरावर पट्टा आवळून गाडी कवा सुटती म्हणून विचारायचे, आणि एकदा तर स्वतःच्याच उसात वाट चुकले. एरवी कोपऱ्यात बसून असायचे, गप्प.

डॉक्टरबाई सत्तरीच्या, सुती साडी आणि पायात चक्क कॅनव्हासचे बूट. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आबांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि एकेक विचारू लागल्या. झोप लागते का, पडलात का, जेवण कोण करतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच देत होते. तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. उत्तर येत असलं की माझ्यानं गप्प बसवत नाही. चौथ्या उत्तराला त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, पेपर त्यांचा आहे. तुम्ही नका सोडवू.”

मी तोंड मिटलं. घरी हे कुणाला खरं वाटणार नाही.

मग त्यांनी आबांची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि या कुणाच्या सांगण्यावरून घेता, असं विचारलं.

आबांना शब्द जुळवायला वेळ लागला. “डॉक्टरांच्या. तिघांच्याबी. हुकूम म्हंजे हुकूम.”

माजी सैनिकांच्या दवाखान्यातला एक, गावातला एक, साताऱ्यातला हाडांचा एक. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. झोपेची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी पिशवीत होती, आणि वर सर्दीची, जी म्हणे म्हाताऱ्या माणसाला फार गुंगवते. दुसऱ्या कुणी दोन दिवसांत कंटाळून गोळ्या फेकून दिल्या असत्या. आमच्या सुभेदारांनी तिन्ही साहेबांचे हुकूम एकही वेळ न चुकवता पाळले होते. मी पुटपुटले, वय झालंय हो त्यांचं.

“वय काय दीड महिन्यात होतं?” बाई म्हणाल्या. “आधी गोळ्या उतरवू. मग बघू काय उरतंय.”

रक्त तपासायला दिलं, सर्दीची गोळी बंद झाली, झोपेची हळूहळू कमी करायची ठरली. रिपोर्ट येईपर्यंत बाईंनी आम्हाला चहा पाजला, आणि मी विचारलं म्हणून हसत हसत स्वतःचं सांगितलं. त्या मूळच्या वाईच्या. तरुणपणी सरकारी रुग्णालयात होत्या तेव्हा म्हाताऱ्यांच्या खाटा वॉर्डाच्या अगदी टोकाला, व्हरांड्याच्या दाराशी असायच्या, आणि मोठ्या डॉक्टरांचा राउंड तिथं पोचायच्या आधीच संपायचा. एके सकाळी त्यांनी आपला राउंड त्या टोकाकडून सुरू केला. बोलणी खाल्ली, पण दुसऱ्या दिवशीही तिथूनच सुरू केला. पुढं बाहेर जाऊन म्हाताऱ्यांच्याच आजारांचं शिक्षण घेऊन आल्या, तर सगळ्यांनी सल्ला दिला, बाळंतपणाचा दवाखाना काढा, म्हाताऱ्यांवर कुणाचं पोट भरतं? कित्येक वर्षं दिवसाला चार पेशंट. महिन्यातून एकदा रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन एसटीनं कोयनानगर गाठायचं, कारण तिथल्या धरणावरच्या निवृत्त कामगारांना साताऱ्यापर्यंत येणं जमत नसे. आता त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघी सांगलीत हेच काम करतात. इतकं सगळं त्या भाजी निवडताना बोलावं तसं बोलल्या. मला त्या बाईंचा हेवा वाटला, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

रक्तात विशेष काही निघालं नाही. कुलपाचा बेत महिनाभर पुढं ढकलला. मी रजा काढून गावी राहिले, गोळ्या स्वतः मोजून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात आबा सकाळी उठून माझ्याआधी चुलीवर पाणी ठेवून बसलेले दिसले. मी सांगलीला परतले.

चार दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला. आबांनी स्वतः नंबर लावला होता. पोरं काय म्हणतात, पाऊसपाणी कसं, असं नीट, एकापुढं एक बोलले. माझे डोळे भरून आले. मग म्हणाले, “घराला कुलूप कवा लावताय?”

हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासमोर बसून, त्यांना न विचारता, आम्ही बोलत होतो; भांडी कुणाला द्यायची, खाट विकायची का, सगळं.

“तुमी बोलत हुता ते समदं ऐकू येत हुतं मला,” आबा म्हणाले. “बोलाया जमत न्हवतं, एवढंच.”

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत मी रडले आणि त्यांची माफी मागितली. ती त्यांनी लगेच दिली नाही. घर माझं हाय, मी हितंच ऱ्हाणार, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.