सुतळीच्या गाठी

गोव्यात साखळी गावच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. कोणी काही विचारलं की ते आधी चष्मा पुसतात, मग "सांग मरे" म्हणतात आणि खरंच ऐकतात.

मी तुयेच्या कारखान्यात कामाला, घर पार हिंगोलीकडे. किडे-फुलपाखरांचे जवळून फोटो काढायची हौस. वर्षभराच्या ओव्हरटाइममधून एकच मॅक्रो लेन्स येणार होती, निवड चुकली तर संपलं. आठवीत शाळा सुटलेली, म्हणून विचारायचीही भीती. साठ मिलिमीटरची घेऊ की शंभरची, एवढंच कसंबसं बोललो.

काकांनी लेन्स दाखवलीच नाही. हातभर सुतळी कापून दिली. "पार्सेच्या काजूंच्या बागेत जा. फुलपाखरू बसला की हळू फुडे हो. उडाला की थांब, थंयसून फुलापर्यंत माप आणि गाठ मार. धा गाठी घेवन ये."

पुढच्या रविवारी मी सुतळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक गाठ चाचपली. "बहुतेक वीतभर. साठची घेतलीस तर तेच्या मिशांपर्यंत जावचा लागतला. शंभरची लांबसून काढता, ती घे. माका कित्याक विचारतस? तुवाच मापलंस मरे!"

लेन्स उत्तम निघाली. परवा फोटो दाखवायला गेलो, तर कॉलेजची एक मुलगी त्यांना तोच प्रश्न विचारत होती. काकांनी चष्मा पुसला आणि ते माझ्याकडे वळले.

"सांग मरे."

मी आधी सुतळी मागितली.