दगडूच्या पेटीतलं दही

माझ्या आत्याचं कासव दोन महिन्यांसाठी आमच्याकडे पाहुणं म्हणून आलं, आणि त्या मुक्कामात घरात सगळ्यांत जास्त अपमान झाला तो माझा.

सत्तर-एकाहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरला सावेडीच्या माळावर आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझी बायको कुसुम आणि आई. मी नागापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. (हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही.) एका सकाळी काष्टीची आत्या एसटीतून उतरली ती पोतं घेऊनच. तिनं ते आमच्या शहाबादी फरशीवर उपडं केलं. आतून पिवळ्या चांदण्यांचं, पाटाएवढं कासव बाहेर आलं, फरशीला पोट टेकताच दचकलं आणि मान आत ओढून बसलं.

"दत्तू, ह्यो दगडू," आत्या म्हणाली. "लेकीच्या बाळंतपनाला बार्शीला चाल्लेय. दोन म्हैनं संबाळ. लई गुनाचा हाय. फकस्त गार लागू द्यायचं न्हाई. गारठला की खात न्हाई का हालत न्हाई. माज्याकडं चुलीम्होरं बसतो."

"आत्या, आमच्याकडे चूल कुठंय? स्टोव्ह आहे."

"मंग तू कशाचा विजेचा कारागीर?"

हा प्रश्न तिनं आई आणि कुसुमसमोर विचारला! त्या दोघी हसल्या! मी काय करणार? यजमान वारल्यापासून आत्याला घरात सोबत होती ती या कासवाचीच. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी बोलायची. जाताना तिनं त्याच्या पाठीवरून पदर फिरवला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तुज्यावर सोडून चाल्लेय, बाबा." आता सांगा, एवढं ऐकल्यावर माणूस पेटी बनवणार नाही तर काय करील?

कारखान्यात यंत्रांचे भाग ज्या लाकडी खोक्यांतून यायचे त्यातलं एक मोठं खोकं मी साहेबांना विचारून सायकलवर बांधून आणलं. दोन रविवारची सुट्टी त्यात घातली. एका कोपऱ्यात साठचा बल्ब बसवला, दगडूला चटका बसू नये म्हणून त्याभोवती पत्र्याची जाळी केली, खाली वाळू आणि गवत घातलं, समोर सरकतं दार केलं, वर पाला टाकायला भोक ठेवलं. आणि शास्त्रीय काम हवं म्हणून बल्बजवळ घरातला तापमापक अडकवला. हो, तापाचाच! दुसरा कुठून आणू?

"माणसांना गोधड्या आणि कासवाला दिवाळी," आई म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी दगडूनं मान बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी मेथी खाल्ली! मी शेजारच्या कदमकाका-काकूंना बोलावून दाखवलं. काका एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते म्हणाले, "वा, दत्तोपंत!" काकूंनी मात्र पेटीत हात घातला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्या वर्षी थंडी अशी होती की कुणाच्याच घरी दही लागत नव्हतं. सकाळी झाकण काढावं तर पातेल्यात दूधच, वर जरा आंबूस. चौथ्या दिवशी मी कामावरून आलो तर ताटात दही! घट्ट, सुरीनं कापावं असं.

"कसं लागलं गं?"

"लागलं," कुसुम म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मी पेटीचं दार सरकवलं. दगडूशेजारी आमचं पातेलं बसलेलं, त्याच्याशेजारी कदमकाकूंचं!

"अगं, ही कासवाची खोली आहे!"

"मग त्याला काय कमी पडतंय? एक पातेलं बसलं तर?"

"दोन आहेत!"

"अहो, काकूंना नाही कसं म्हणणार?"

"आणि आई, तुला हे चालतं? कासवाच्या शेजारचं दही?"

"देवळात देवासमोर कोण असतं?" आईनं शांतपणे विचारलं. "कासवच ना? त्याचा कसला आलाय विटाळ?"

धर्माच्या बाबतीत आईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. आठवडाभरात पातेली पाच झाली. पलीकडच्या गल्लीतून एक बाई सुगड घेऊन आल्या. मला ओळखत नव्हत्या, तरी दारातच मला म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा हो, विरजण हिंदकळतंय." माझ्या घरात! माझ्या पेटीपुढे!

तरी मी शांत होतो, कारण तापमापक रोज शंभर दाखवत होता. पहाटे पाळीला निघताना भोकातून पाला टाकायचा, हात घालून तापमापक बाहेर काढून बघायचा. शंभर! कारखान्यात मी सगळ्यांना सांगत सुटलो, की एवढी स्थिर उष्णता आपल्या भट्टीलाही जमत नाही.

मग एका संध्याकाळी घरी आलो तर दारात चार बायका उभ्या. चौघींच्या हातात पातेली.

"दत्तोपंत, हे काय चाललंय तुमचं?" कदमकाकू म्हणाल्या. "दोन दिवस दही लागलेलं नाही. आज आमच्याकडे पाहुणे होते."

"असं होणारच नाही. सकाळी शंभर होतं!" मी तापमापक काढून काकूंच्या मागोमाग आलेल्या कदमकाकांच्या हातात दिला. "बघा, आत्ताही शंभर!"

काकांनी तो उजेडात धरला. मग पेटीत डोकावले. बल्ब गेलेला होता.

"दत्तोपंत, हा झटकता का?"

"म्हणजे?"

"तापाचा तापमापक एकदा वर चढला की झटकल्याशिवाय पारा खाली येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशीचाच ताप बघताय!"

चारही बायका हसल्या. माझी बायको धरली तर पाच. दगडू दोन दिवस गारठून दगड झाला होता, त्याची चौकशी एकीनंही केली नाही! मी रागारागानं सायकल काढली, नवा बल्ब आणून लावला आणि जाहीर केलं, "ही पेटी कासवाची आहे. पातेल्यांची नाही!" त्यावर कदमकाकू म्हणाल्या, "बल्ब जरा मोठा आणायचात की."

त्या दिवसापासून मी पेटीशी बोलणंच सोडलं. पाला टाकायचा, तापमापक झटकायचा, बघायचा आणि निघून जायचं. दार उघडलं की पातेली दिसायची आणि डोकं फिरायचं, म्हणून दारच उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाला संपलेला असायचा, म्हणजे दगडू खात होता. मला तेवढं पुरे होतं.

पंधरा दिवसांनी आत्या ठरल्याच्या आधीच परत आली. लेकीला मुलगा झाला होता, आत्याच्या पिशवीत पेढे होते आणि जीव दगडूत होता. पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाली, "माजा दगडू कुटं हाय?"

"ये, दाखवतो," मी म्हणालो. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू? "चुलीला मागं टाकलंय, आत्या!" आणि मी धाडकन दार सरकवलं.

आत सात पातेली, दोन सुगडं आणि एक बरणी. दगडू नाही.

मी वाळू उकरली. गवत काढलं. पातेली एकेक करून बाहेर ठेवली. एका पातेल्यातसुद्धा बघितलं, आता लपवून काय करू!

"कुसुम! दगडू कुठंय?"

"आईंनी आत ठेवलाय ना?"

"मी कशाला ठेवीन?" आई म्हणाली. "त्यानं तीन पातेली लवंडली, म्हणून तू त्याला उन्हात सोडलास. परत तूच आणलास ना?"

"मला वाटलं, तुम्ही आणलात!"

"कधीची गोष्ट ही?" मी ओरडलो.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "दहा दिवस झाले असतील," कुसुम म्हणाली.

"अगं, मग मी रोज मेथी टाकतोय ती कोण खातंय?"

"ती तू कासवासाठी टाकत होतास?" आई म्हणाली. "मला वाटलं, भाजी ताजी राहावी म्हणून ठेवतोस. रोज सकाळी काढून निवडत होते मी."

दहा दिवस मी कासवाची मेथी खात होतो. वर दही घालून!

पण आत्या खाली बसली आणि माझा राग जागच्या जागी विझला. ती रडत नव्हती. नुसती त्या रिकाम्या वाळूवरून हात फिरवत होती. "ह्या थंडीत कुटं ग्येला आसंल," एवढंच म्हणाली. मी चप्पल न घालताच बाहेर पळालो. माळावर काटेरी कुंपणं धुंडाळली, नाल्यात उतरलो, दगड दिसेल तो उलटा केला. सावेडीच्या माळावर दगड किती आहेत ते त्या दिवशी मला कळलं.

"दत्तोपंत!" कदमकाकूंनी त्यांच्या न्हाणीच्या दारातून हाक मारली. "काय शोधताय?"

"आत्याचं कासव!"

"ते होय? ते आमच्याकडेच आहे की."

न्हाणीत तांब्याच्या बंबाच्या मागे, गरम राखेच्या कडेला, दगडू चारी पाय पसरून आरामात बसला होता. समोर फ्लॉवरचा पाला. आधीपेक्षा चांगला गुबगुबीत! स्वतः चालत गेला होता तो. वीज नाही, जाळी नाही, तापमापक नाही.

"काकू, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, पातेल्यांना जागा हवी म्हणून तुम्हीच इकडे पाठवलंत. म्हटलं, आपलंही दही तिकडे लागतंय, आपण कशाला तक्रार करा?"

आत्यानं दगडूला उचललं, पदराखाली घेतलं आणि मग रडली. काकूंच्या हातावर दोन पेढे ठेवले. "तुमच्यामुळं वाचला वो माजा दगडू!" मला मिळाला एक पेढा, तोही आईनं आठवण केल्यावर.

जेवताना तिनं दही चाखलं आणि घास तसाच हातात धरून थांबली. "दत्तू, ह्ये दही त्या पेटीतलं?"

"हो."

"लई झ्याक लागलंय. कासवाचं काय, त्ये बसंल माजं चुलीम्होरं. पेटी मातर मी न्हेनार."

आणि नेली! एसटीच्या टपावर पेटी, मांडीवर दगडू. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. घरी येऊन कुसुमला आणि आईला ठणकावून सांगितलं, की या घरात पुन्हा पेटीचं नाव निघालं तर याद राखा!

तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो. वाटीत पांढरं, पातळ, आंबूस काहीतरी.

"हे काय? दही नाही?"

कुसुमनं पेटीच्या रिकाम्या जागेकडे नुसतं बोट दाखवलं. काही म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी मी अंगणात नव्या खोक्याला खिळे मारत बसलो होतो. कदमकाका कुंपणापाशी आले. "दत्तोपंत, कासव तर गेलं. आता पेटी कशाला?"

"परत आलं तर गारठेल बिचारं," मी मान वर न करता म्हणालो, आणि फळीवर कदमकाकूंच्या पातेल्याचं माप पेन्सिलीनं आखून घेतलं.