आळंबीचं सार

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्यापाशी मी सासरच्या सगळ्या कागाळ्या करते त्या मैत्रिणीजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि ओळखत असाल तर—असा. सांगायचं ठरवलंय, आता मागे फिरत नाही.

सुरुवात कुठून करू? चीनपासून करते, कारण तो भाग सांगायची मला सवय आहे. आमच्या बीदरजवळच्या नौबादेत मी 'चीनला जाऊन आलेल्या बाई' म्हणून ओळखली जाते. शाळेत पाचवीच्या मुलांना मी तिथले कालवे सांगते, पांढऱ्या भिंती, काळी कौलं, बागेतली चंद्रासारखी गोल दारं सांगते. छान सांगते. मुलं तोंड उघडं टाकून ऐकतात.

माझा धाकटा दीर संतोष तिकडे सुझोऊ नावाच्या गावात यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आईनं एकदा यावं म्हणून तो चार वर्षं मागे लागला होता. आत्यांना—म्हणजे माझ्या सासूबाईंना, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात—एकटीनं पाठवणं शक्य नव्हतं. माझ्या नवऱ्याला विमानाचं नाव काढलं की घाम फुटतो. राहिले मी. शाळेला सुटी लागत होतीच. "आत्यांसाठी जाते," असं मी गल्लीभर सांगितलं, पण जायचं मलाच होतं. त्या गावच्या बागांची चित्रं मी किती वर्षं बघत आले होते! पाणी, दगड, भिंत आणि खिडकी, एवढ्यावर बाग उभी करणारी माणसं. आमच्याकडचं जुनं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून जातं, वर दिसतच नाही. गच्चीवरच्या चौदा कुंड्यांना मी भांडी विसळलेलं पाणी घालते. अशा बाईला गल्लीगल्लीतून पाणी वाहणाऱ्या गावाची किती ओढ असेल, ते काय सांगू?

आत्या माळकरी आहेत. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला किरकोळ वाटेल. आमचं घर तसं खाणारं. रविवारी मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात मटण शिजतं, आणि मी ते मिटक्या मारत खाते. आत्यांनी मात्र संतोष पोटात असताना गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून मांस-मासळी सोडाच, ते पातेलं घासून पालथं घातलेलं असलं तरी त्या त्याला हात लावत नाहीत. इतरांवर लादत नाहीत कधी. रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात जाऊन बसतात, एवढंच. शेत सासऱ्यांच्या नावावर होतं, घर मुलाच्या नावावर आहे. माळ तेवढी त्यांची स्वतःची.

बरोबर आम्ही डबाभर कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि लाडू नेले होते. संतोष सकाळीच कामाला जायचा. मग आम्ही दोघी—एक नऊवारीतली, एक पंजाबी ड्रेसमधली—गावभर हिंडायचो. कालव्यावरच्या कमानी पुलांवर आत्या थांबायच्या, खालून जाणाऱ्या होडीवाल्याला हात करायच्या. त्यांना मजा वाटत होती, उगाच कशाला खोटं बोलू? पण भूक लागली की सगळं अडायचं. प्रत्येक दुकानासमोर एकच प्रश्न, "रेखा, ह्यात काय हाय?" मी मोबाइल पाटीवर धरायची. तिथली अक्षरं मराठीत उमटायची, वेडीवाकडी, पण कळण्याजोगी. कशात अंडं, कशात कोळंबी, कशात चरबी. मग आत्या बाकावर बसून केळं आणि भाकरी खायच्या आणि मी त्यांच्याशेजारी तेच चावत, समोरच्या वाफाळत्या ताटल्यांकडे बघत राहायची.

दुसऱ्या आठवड्यात भाकऱ्या संपल्या. संतोषच्या घरी रात्री वरण-भात व्हायचा, पण दिवसाचं काय? अर्धा दिवस आत्यांच्या पोटाच्या शोधात जायला लागला. मी चिडले होते. तोंडानं काही बोलत नव्हते, पण आतून धुमसत होते. आयुष्यात एकदा इथे आले आणि काय करतेय—तर केळी शोधतेय! ही चीड मी आधीच कबूल करायला हवी होती, नाही का? बघा, अजूनही आडवळणानंच चालले आहे.

त्या दिवशी सगळ्यात मोठी बाग बघायची होती. तिथे वेळ ठरवून आत सोडतात. संतोषनं आमच्यासाठी अकराची वेळ घेऊन ठेवली होती. त्यानं आणखी एक सांगितलं होतं—तिथून जवळच एक बुद्धविहार आहे, तिथले भिक्खू मांस न घालता शेवयांसारखं काहीतरी करून वाढतात, आईला तिकडे ने. विहार होता बागेच्या उलट दिशेला, चालत वीसेक मिनिटांवर. आम्ही कालव्याकाठच्या गल्लीत पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. आत्यांच्या पोटात सकाळपासून एक कप चहा होता. आणि त्या एका दुकानासमोर थांबल्या. आत म्हाताऱ्या बायका बसून खात होत्या. वाडग्यात तांबूस सार, त्यावर शेवया अशा घडी घालून ठेवलेल्या, की तेल लावून विंचरलेला अंबाडाच.

"रेखा, ह्या शेवया बघ. ह्यात काय हाय?"

हा प्रसंग मी मनातल्या मनात शंभर वेळा सांगितलाय, आणि प्रत्येक वेळी इथे आल्यावर म्हणते—परकी भाषा, परका मुलूख, मला कळलं नाही. पण मला कळलं होतं. मी मोबाइल पाटीवर धरला आणि त्यावर आलं, 'डुक्कर हाड, फार वेळ उकळ, प्रेमळ रस्सा.' मी वाचलं. मला हसू आलं. पुन्हा एकदा वाचलं. आणि वाचायची तरी काय गरज होती? दर रविवारी हाडं उकळणाऱ्या घरातली मी, दारातच वास ओळखला होता.

मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आळंबीचं सार हाय, आत्या."

"हाडकं-बिडकं न्हाईत न्हवं? नीट बघ."

"बघितलं. आळंबीच हाय."

आत्यांनी वाडगा पुढ्यात घेतला. हात जोडले, माळ डोळ्यांना लावली आणि खायला लागल्या. तेव्हाही वेळ होता. वाडगा ओढून घेता आला असता, 'थांबा, चुकलं माझं' म्हणता आलं असतं. मी माझा वाडगा संपवत होते. फार चवदार होतं. आत्यांनी शेवया संपवल्या, दोन्ही हातांनी वाडगा उचलून शेवटचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "सार लई गोड लागायलंय."

अकराला आम्ही बागेच्या दारात होतो.

तुम्हाला वाटेल, मग बाग मला गोड लागली नसेल. लागली. इतकी की त्याचीच मला आता लाज वाटते. एकेका भिंतीला नक्षीची खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून वेगळंच काही—कुठे बांबूची चार पानं, कुठे भोकाभोकांचा दगड, कुठे नुसतं पाणी. जांभळ्या फुलांचे घोस तळ्यावर वाकलेले. आत्या तळ्याकाठी पाय सोडून बसल्या, पोट भरलेलं, चेहरा निवांत. "जीव थंड झाला बघ," म्हणाल्या. मीही त्यांच्याशेजारी बसले. मला टोचणी-बिचणी काही लागली नाही. उलट वाटलं, किती सोपं होतं! इतके दिवस उगाच हाल काढले.

दुसऱ्या दिवशी आत्यांनीच विषय काढला, त्या आळंबीच्या साराकडं जाऊ या का म्हणून. मी नेलं. तिसऱ्या दिवशीही नेलं. संतोषला सांगितलं, विहारात जेवलो. पहिल्या दिवशी निदान घाई होती. नंतरच्या दोन दिवसांना काय म्हणायचं?

गोष्ट इथेच संपली असती तर कदाचित मी तुमच्याकडे आलेच नसते. त्यांना कळलं नाही, तर त्यांचं गेलं काय? असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि ते मला पटलंही होतं. घरी आल्यावर आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या साराचं कौतुक सांगायच्या. एकदा भालकीच्या बाजारातून आळंबी आणायला लावली आणि स्वतः करून बघितलं. तसं झालं नाही. "तिथल्या पाण्याचा गुण," म्हणाल्या. मी भांडी आवरत होते, आवरत राहिले.

आमच्या मागच्या गल्लीत पार्वताक्का राहते. मूळची औरादकडची, विधवा, लेकीजवळ असते. तीही माळकरी. एकादशीच्या भजनात पहिला आवाज तिचा, आणि द्वादशीचा नैवेद्य वर्षानुवर्षं तिच्या हातचा. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून तिची मांडी मोडली. महिनाभर दवाखान्यात होती. हाड लवकर जुळावं म्हणून लेकीनं तिला रोज पायाचं सूप पाजलं. बोकडाच्या पायाचं. डाळीचं पाणी म्हणून पाजलं. घरी आणल्यावर लेकीला राहवेना, तिनं खरं सांगून टाकलं.

पार्वताक्का गप्प बसू शकली असती. कुणाला कळणार होतं? पण ती काठी टेकत एकादशीला देवळात आली आणि भजन सुरू व्हायच्या आधी, सगळ्या बायकांसमोर, स्वतःच्या तोंडानं तिनं ते सांगितलं. सांगून खाली बसली. सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं, कारण वयानं त्याच मोठ्या. आत्या काही दुष्ट नाहीत. त्यांनी अक्काची काठी उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "अक्का, माळ काढून देवापुढं ठेव. नैवेद्याला हात लावू नगंस. भजनाला ये, बस."

कुणीतरी पुटपुटलं, तिला फसवून पाजलं, तिला काय ठाऊक?

"माणसानं जपायला पायजे," आत्या म्हणाल्या. "मी परमुलखात म्हैनाभर व्हते. जपलंच न्हवं? इचारा की रेखाला."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. पार्वताक्काही वळली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण ती माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. आत्यांनी माझ्या तोंडात मारली असती, रडल्या असत्या, कदाचित आयुष्यभर माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. पण पार्वताक्काची माळ राहिली असती.

मी म्हणाले, "व्हय."

आत्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प बसले, असं मी पुढे कितीतरी महिने स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्या क्षणी आत्या माझ्या मनातही नव्हत्या. सासूला चीन दाखवून आणणारी सून, शाळेच्या बाई—ते सगळं जाईल, ही भीती होती. माझी मला पडली होती.

पार्वताक्का माळ काढायला लागली. दोऱ्याची गाठ जुनी, मानेमागे गेलेली, तिच्या बोटांना सुटेना. मी तिच्या सगळ्यात जवळ बसले होते. ती गाठ मी सोडवून दिली.

माळ पुन्हा घालता येते. घालतात लोक. तिनं घातली नाही. एकादशीला येते, दाराजवळच्या खांबाला टेकून बसते, म्हणायला सांगितलं तर मान हलवून नको म्हणते. द्वादशीचा नैवेद्य आता आत्या करतात. ताट मी नेते.

गेल्या सोमवारी शाळेतून येताना ती पायरीवर मेथी निवडत बसलेली दिसली. तिनं हाक मारली, म्हणून थांबले. इकडचं तिकडचं बोलली. मग तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात, शिकायचंच असल्यासारखं विचारलं.

"रेखाबाई, त्या चीनमंदी तुमच्या आत्यानं कसं वो पाळलं? इत्का परका मुलूख. मला हितं बीदरच्या दवाखान्यात जमलं न्हाई. माझ्यातच कायतरी खोट असंल का?"

रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. भजनातली एकही बाई नव्हती. आत्या नव्हत्या. घाई नव्हती, शाळा सुटली होती. ती हातातली मेथी तशीच धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

मी म्हणाले, "आत्यांची श्रद्धाच लई मोठी हाय, अक्का."

तिनं मान डोलावली. "व्हय, तसंच असंल," म्हणाली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.