माळकऱ्याच्या हौदातल्या मासोळ्या

माझ्या मुलानं गच्चीवर प्लास्टिकची टाकी बसवली आहे. टाकीत मासे, माशांचं पाणी पंपानं वरच्या नळ्यांत, नळ्यांत पालक नि पुदिना, आणि तेच पाणी फिरून पुन्हा टाकीत. याला तो अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतो. शब्द माझ्या तोंडात बसत नाही, पण काम मी पाहिल्याबरोबर ओळखलं. "हे तर आमच्या आत्याबाईंचं," मी म्हटलं. तो हसला. हसू दे. आईचं खरं वाटायला लेकरांचे आधी चार मासे मरावे लागतात.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मोताळ्याच्या बाजाराला बैलगाडीनं जावं लागे, अशा एका नदीकाठच्या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा महाराष्ट्र नवानवा होता. गावातली म्हातारी माणसं राजधानी म्हटलं की अजून नागपूरचंच नाव घ्यायची. घर माळकऱ्यांचं. आत्याबाईंच्या आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. कुणाच्या चुलीवरून मासळीचा वास आला तर आत्याबाई पदर नाकाला लावून पाऊल उचलत.

आणि त्याच आत्याबाई चैत्रातल्या एका दुपारी नदीवरून मासोळ्यांनी भरलेली घागर डोक्यावर घेऊन आल्या. वाकळा धुवायला गेल्या होत्या. नदीचा डोह आटून चिखल झाला होता आणि त्यात मासोळ्या तडफडत होत्या. वाकळा तशाच काठावर टाकून बाईंनी चिखलात हात घातला. घरामागच्या विहिरीजवळ बैलांचा जुना दगडी हौद होता, त्यात त्यांनी घागर रिकामी केली.

मामाजी ओट्यावर सुपारी कातरत होते. "मायकऱ्याच्या घरी मासोळ्या? लोक काय म्हणतीन?"

"नदीची अमानत हाये," आत्याबाई म्हणाल्या. "नदीले पाणी आलं का वापस नेऊन देतो. तवरोक जगवाच्या."

एवढंच. पण आत्याबाईंनी 'देतो' म्हटलं की ते देवासमोर म्हटल्यासारखं असे. पावसाळ्यापर्यंत मासोळ्या जगवायच्या, हे त्या दिवसापासून आमच्या घराचं व्रत झालं, आणि व्रत त्यांचं असलं तरी पाणी शेंदायला मी होते.

पाण्याचाच तर प्रश्न होता. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात सकाळी काही घागरी पाणी मिळे, मग झरा भरेपर्यंत थांबायचं. त्यात माणसं, बैलं, मी हौसेनं लावलेली वांगी, आणि आता ह्या पाहुण्या. मामाजी रोज ऐकवायचे, "मानसायले पानी नाई अन् मासोयायले हौद!" मी नवी सून, सासऱ्याला उत्तर देता येत नव्हतं. पण राग यायचा, आणि त्या रागातच मला सुचलं. हौदातलं जुनं पाणी डब्यानं काढायचं, ते वांग्यांना घालायचं, आणि वांग्यांच्या वाटची घागर हौदात ओतायची. एका पाण्यात दोन कामं. वांगी अशी उठली की पानं तळहाताएवढी झाली. मी मनातल्या मनात सासऱ्याला उत्तर देऊन मोकळी झाले.

मग आली एकादशी. मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, हे कुणाला माहीत नाही? पण त्यासाठी नदी लागते, आणि नदीत तर चिखल. गावात जिवंत मासोळ्या फक्त आमच्याकडे. शेजारणीपासून सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत अर्धं गाव परातीत गोळ्या घेऊन हजर. कुणी त्यात रामनामाची चिठ्ठी घातलेली, कुणी गूळ. आत्याबाईंचा चेहरा उजळला होता. ज्यांनी 'मासोळीवाली मायकरीण' म्हणून नाव ठेवलं होतं, त्याच बाया आता हौदाला हळदकुंकू वाहत होत्या. मग रोजच कुणीतरी येऊ लागलं. सोमवार आहे, अमावस्या आहे, नातवाला ताप आहे. पुण्य फुकटात आणि घराजवळ मिळत असेल तर आपली माणसं मागे राहत नाहीत.

मासोळ्या खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली कणीक तळाशी बसली आणि आंबली. पाणी दुधट झालं, त्याला वास सुटला. एका सकाळी पाहते तर सगळ्या मासोळ्या वर येऊन तोंडं उघडून धापा टाकताहेत, आणि काही उलट्या तरंगताहेत, पांढरं पोट वर.

आत्याबाई हौदाच्या कडेवर बसल्या त्या उठेचनात. जेवणाला बोलावलं तर म्हणाल्या, "मले नको. चिखलात मरत होत्या तं मरू द्याच्या होत्या. मी आनून मारल्या." मला तेव्हा त्यांची इतकी माया आली की मी नवेपण विसरून त्यांचा हात धरला. माझी आई वारल्यावर मी असा कुणाचा हात धरला नव्हता.

तेवढ्यात शेजारीण परात घेऊन आली. आत्याबाईंनी तिला दारातच थांबवलं. ती फणकारली, "पुन्य काय तुमी एकटीनंच कमवाचं काय व?"

"हाव," आत्याबाई म्हणाल्या, "पाप माह्या एकटीचं हाये तं पुन्यबी माह्यंच."

गोळ्या बंद झाल्या, पण पाणी? हौद उपसून नव्यानं भरायचा तर विहिरीत तेवढं पाणी नव्हतं. आत्याबाईंनी हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. मग म्हणाल्या, "महादेवाले उन्हायात गळती लावते नाई का? यायलेबी लावू."

देवळात पिंडीवर भोकाचा घडा टांगतात, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं, ती गळती. आम्ही फुटक्या रांजणाचा बुडाचा भाग घेतला, त्याच्या भोकात चिंधी कोंबली, आणि हौदावर दोन दांडे टाकून तो त्यावर ठेवला. माझ्या माहेरी पावसाळ्याचं गढूळ पाणी वाळूतून गाळत, म्हणून मी त्यात नदीतले गोटे आणि जाड वाळू भरली. नुसती वाळू बोडकी दिसते म्हणून वर पुदिन्याच्या काड्या खोवल्या. हौदातलं पाणी डब्यानं रांजणात ओतायचं आणि ते गळून पुन्हा हौदात. दिवसभर जो जाईल त्यानं दोन डबे ओतायचे, असा नियमच झाला. हळूहळू वास गेला. पुदिना असा माजला की रांजण दिसेना. मासोळ्या त्या थेंबांखाली गोळा होऊन राहत, भाविकांसारख्या. आणि एकदा मी पाहिलं, मामाजी इकडेतिकडे बघून हळूच दोन डबे ओतत होते. मी पटकन आत सरले.

त्या गळतीचा आवाज मला अजून आठवतो. दुपारी सगळं गाव उन्हात निपचित पडलेलं, आणि मागच्या अंगणात टप टप. मुलाचा पंप नुसता घरघरतो. त्या आवाजासाठी जीव तुटतो, खोटं कशाला सांगू.

वांगी मात्र आत्याबाईंनी तोंडाला लावली नाहीत. मी भरली वांगी केली, भाजून भरीत केलं. त्या वरण-भाकरी खाऊन उठायच्या. मामाजी बोटं चाटत मला विचारायचे, "काटे तं नाई न याच्यात?" आम्ही सगळे समजून होतो की माळ आडवी येते, मासोळीचं पाणी म्हणून चालत नाही. मला वाईट वाटे. शेणखताचं चालतं आणि हे नाही? पण विचारायची छाती झाली नाही.

आषाढ लागला आणि नदीला पाणी आलं. आत्याबाईंनी सकाळीच मासोळ्या दोन घागरींत भरल्या, घागरींना हळदकुंकू लावलं. लेकीला सासरी धाडावं तसा त्यांचा चेहरा. एक घागर त्यांच्या डोक्यावर, एक माझ्या.

काठावर एक माणूस जाळं लावून बसला होता. त्याच्या शेजारच्या टोपलीत मासोळ्या उड्या मारत होत्या.

"सोडा न माय," तो आमच्या घागरींकडे बघून म्हणाला. हसत नव्हता, साधंच बोलत होता.

"थोडं तिकडं गेलो तं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तिकडं माहा भाऊ हाये. पहिल्या पान्याले सारेच बसते, माय. पोटाचं हाये."

आत्याबाईंनी मान हलवली. त्याच्यावर रागावल्या नाहीत. पाण्यात पाय बुडवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, घागर डोक्यावर तशीच. मला वाटलं, आता ओततील, दिलेला शब्द आहे. मग त्या वळल्या आणि चढ चढायला लागल्या. मीही मागे.

हौदात घागर रिकामी करून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मामाजी ओट्यावरून बघत होते. ते उठले आणि त्यांनी रांजणात दोन डबे ओतले, सगळ्यांसमोर.

संध्याकाळी मी चूल पेटवली तेव्हा आत्याबाई पदरात वांगी घेऊन आल्या. "भरून कर. मलेबी वाढजो."

वांगी हातात घेत मी म्हटलं, "पण आत्याबाई, माळ?"

"माळेचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या अमानतीवर पिकलेलं आपुन कसं खावं? आता घरच्याच झाल्या त्या."

चातुर्मासात वांगं बंद, आणि तो लागायला थोडेच दिवस उरले होते. तो लागेपर्यंत आमच्याकडे रोज वांगीच झाली.